‘मला नाही कळलं’ म्हणणाऱ्या टीचर

आमच्या टीचरना एखादी गोष्ट कळली नाही, तर त्या तसं सरळ सांगायच्या, आणि तेही मोठ्याने. बँकेत, दवाखान्यात, रविवारच्या प्रवचनानंतर खुद्द फादरनासुद्धा. ‘मला नाही कळलं,’ म्हणायच्या आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने बघत राहायच्या, की समोरच्यालाच वाटायचं, आपण जरा नीट सांगायला हवं होतं.

भाईंदर पश्चिमेच्या शाळेत त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. राहायच्या उत्तनला. घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी, शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्याच. त्यामुळे अख्खं गाव त्यांना टीचरच म्हणायचं, वयाने मोठी माणसंसुद्धा. कविता शिकवताना त्या मध्येच थांबायच्या. ‘ही ओळ मला अजून कळलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला कळली तर सांगा.’ सुरुवातीला आम्हाला वाटायचं, ही परीक्षा आहे. मग कळलं की त्यांना खरंच कळलेली नाही. बाकीचे शिक्षक म्हणायचे, अशाने मुलं डोक्यावर बसतील. बसली नाहीत. उलट त्या ओळी आम्हाला अजून पाठ आहेत.

पुढे मी मुंबईतल्या एका संग्रहालयात कार्यक्रमांचं काम बघायला लागले. एका वर्षी आम्ही व्हिडिओ आर्टची मालिका ठेवली होती. दर शनिवारी दुपारी, तळघरातल्या छोट्या हॉलमध्ये. बरीचशी कामं स्पेनमधल्या आजच्या कलावंतांची, काही इतर देशांतली. प्रेक्षक बेताचेच. कधी कधी तर आम्हीच चौघं बसून बघायचो. अशात एकदा भाईंदरच्या बाजारात टीचर भेटल्या. निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे, चाल तशीच तरतरीत. मी त्यांना यायचं आमंत्रण दिलं.

‘काय असतं त्यात?’

‘व्हिडिओ असतात, टीचर. पण सिनेमासारखी गोष्ट नसते.’

‘मग काय असतं?’

‘ते मलाही नीट सांगता येत नाही.’

‘मग येते,’ त्या म्हणाल्या.

त्या शनिवारी आल्या. पडद्यावर एक बाई स्वयंपाकघरातलं टेबल दोरीने ओढत ओढत गावाबाहेर नेत होती. बाकी काही नाही. संपल्यावर चर्चा असायची. एक दाढीवाले गृहस्थ घराच्या विस्थापनाबद्दल बोलले, सगळ्यांनी माना हलवल्या. मग टीचरनी हात वर केला, अगदी वर्गातल्या मुलीसारखा. ‘मला काहीच नाही कळलं. ते टेबल तिने नेलं कुठे? आणि नवरा विचारत कसा नाही, जेवायचं कशावर?’

हॉल हसला. मागून एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘मलापण नाही कळलं, पण मला ते टेबल सारखं दिसतंय.’ दाढीवालेही हसत म्हणाले, ‘खरं सांगू? मीसुद्धा कुठेतरी वाचलेलंच बोललो.’ त्या दिवशीची चर्चा वॉचमन दिवे घालवायला आला तरी संपेना. टीचर दर शनिवारी यायला लागल्या, आणि दाढीवाले त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायला लागले.

टीचरना खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची सवय. अंधार झाला की चपला काढायच्या आणि मांडी घालायच्या. एकदा वॉचमनने हटकलं, ‘मॅडम, पैर नीचे रखिये.’ टीचरनी त्याला शांतपणे सांगितलं, ‘भाई, पैर नीचे रहेगा तो ध्यान भी नीचे रहेगा.’ तो विचारात पडला आणि पुन्हा कधी बोलला नाही.

मग तो बंदराचा व्हिडिओ आला. स्पेनमधल्या कुठल्याशा किनाऱ्यावर एक म्हातारी दगडी कठड्यावर बसलेली, पाठमोरी. समोर समुद्र. होड्या येतात, जातात, उजेड बदलतो. ती उठत नाही. आवाज फक्त लाटांचा. संपल्यावर मी सवयीने टीचरकडे बघितलं. हात वर झाला नाही. चर्चा झाली, चहा झाला, आम्ही निघालो.

भाईंदरला उत्तनच्या बसची वाट बघत आम्ही उभ्या होतो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. त्यांचा धाकटा भाऊ जेरोम वादळात समुद्रात गेला, एवढं मला ऐकून माहीत होतं; बाकीचं त्यांनी सांगितलं. होडीतले बाकीचे सापडले. तो सापडला नाही, त्याचा देहही नाही. काही महिन्यांनी त्याची बायको फिलोमिना म्हणाली, आता त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिसा, मृतांसाठीची प्रार्थना, करू या. टीचरनी साफ नकार दिला. सापडला नाही म्हणजे मेला असं कुणी सांगितलं? कुठल्या तरी जहाजाने उचलला असेल, येईल. फिलोमिना म्हणाली, मी किती दिवस दाराकडे बघत बसू? त्यावरून दोघींचं बोलणं तुटलं. एका अंगणातली दोन घरं, मध्ये एक भिंत, आणि कित्येक वर्षं शब्द नाही. मोठ्या नणंदेचा शब्द मोडून मिसा करायची फिलोमिनाची हिंमत झाली नाही. म्हणून मिसाही तशीच राहून गेली.

बस आली. पायरीवर चढता चढता टीचर म्हणाल्या, ‘हा व्हिडिओ आमच्या गावात दाखवता येईल का गं?’

मी तो व्हिडिओ करणाऱ्या कलावंत बाईंना ईमेल केला. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. चर्चशेजारच्या हॉलमध्ये आम्ही पांढरी चादर बांधली. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना आटोपून बायका आल्या, पोरंबाळं घेऊन. पाच मिनिटांत कुजबुज सुरू झाली.

‘ही बाई उठत का न्हाय?’

‘गुडघं धरलं असतील तिचं.’

‘होडी बघ, आपल्यासारखीच हाय.’

मी लाटांचा आवाज जरा वाढवला. टीचर मात्र दाराकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने फिलोमिना आली. बारीक चणीची बाई, टोपली बाहेरच ठेवलेली. सगळ्यात मागच्या बाकावर टेकली, थोडा वेळ बघितलं आणि भिंतीला डोकं लावून चक्क झोपली. पहाटे बाजाराला जाणारी, दिवसभर मासळी विकणारी बाई ती. अंधार, वारा आणि लाटांचा आवाज. झोपणारच.

व्हिडिओ संपला. मी दिव्याच्या बटणाकडे निघाले, तर टीचरनी माझा हात धरला. ‘राहू दे. परत लाव.’

मी परत लावला. बायका हसत, पोरांना गप्प करत एकेक करून घरी गेल्या. जाताना चपला हातात घेऊन गेल्या, फिलोमिना उठू नये म्हणून. टीचर मागच्या बाकावर जाऊन तिच्या शेजारी बसल्या. मी पुढे प्रोजेक्टरपाशी. दुसऱ्यांदा व्हिडिओ संपायच्या जरा आधी फिलोमिना दचकून जागी झाली.

‘संपलं?’

‘न्हाय. बस तू.’

फिलोमिना परत टेकून बसली. मग टीचरचा आवाज आला, वर्गातला तो ठणठणीत आवाज नाही, बारीक. ‘फिलू, मला न्हाय कळत गं. तो कसा गेला, अजून न्हाय कळत.’

‘मला तरी कुठं कळलंय, टीचर?’ फिलोमिना म्हणाली. ‘मी नुसतं रडून घेतलं. तुम्ही तेवढंपण न्हाय केलं.’

टीचर तेव्हा रडल्या. मी पाठ फिरवून वायरी गुंडाळत राहिले.

जेरोमची मिसा त्याच महिन्यात झाली. जेरोमसाठीच्या प्रार्थनेचं वाचन टीचरनी करायचं ठरलं होतं. एरवी अख्ख्या शाळेला ऐकू जाणारा तो आवाज भावाच्या नावापाशी अडला. मग पहिल्या रांगेतून फिलोमिना उठली, नणंदेच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि नाव तिनेच घेतलं. नवऱ्याचं नाव इतक्या मोठ्याने तिने आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं असावं. पुढचं वाचन टीचरनी नीट पूर्ण केलं.

त्यानंतर टीचरना फार दिवस मिळाले नाहीत. पोटाचं दुखणं निघालं. संग्रहालयात येणं बंद झालं, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायला लागले. अंगणातल्या भिंतीला आता मोठं भगदाड पाडलं होतं. फिलोमिनानेच पाडून घेतलं, म्हणे पेज घेऊन सारखा वळसा कोण घालणार. बाजारातून आली की ती टीचरच्या खाटेवरच बसायची, उशाला.

शेवटचं गेले तेव्हा मी मालिकेतलं नवं काम घेऊन गेले होते. पांढरंशुभ्र सपाट रान, आणि लांबवर एक माणूस चालतोय. इतका लांब, की नुसता काळा ठिपका. टीचर फार थकल्या होत्या. मला वाटलं, दोन मिनिटं बघतील आणि डोळे मिटतील. पण दोघी स्क्रीनला नाक लावून बसल्या.

‘येतोय,’ फिलोमिना म्हणाली.

‘न्हाय गं,’ टीचर म्हणाल्या. ‘जातोय तो.’

‘तुम्हाला दिसत न्हाय. येतोय, बघा तरी!’

‘जातोय, फिलू. जाऊ दे त्याला.’

दोघींनी मला विचारलं. मला खरंच सांगता येईना. बसची वेळ झाली होती. लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवून मी निघाले. अंगण ओलांडून रस्त्याला लागले, तरी मागून दोघींचा वाद ऐकू येत होता, येतोय की जातोय. टीचरचा आवाज मी ऐकला तो तेव्हाच शेवटचा.