बिनफोडणीचे दिवस

लग्न होऊन आले त्या पहिल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मला वाटलं होतं, माझ्या सासरच्या माणसांना स्वयंपाकच येत नाही. ताटात वरण होतं, पण फोडणी नसलेलं. वांगी होती, ती नुसती उकडून मीठ लावलेली. मी यवतमाळात वाढलेली, कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाची मुलगी. आमच्या घरी लसूण तडतडल्याशिवाय कुणाला भूक लागत नसे. तिसऱ्या घासाला मी मनाशी म्हटलं, बाई गं, चांगलीच फसलीस.

मग कळलं की हे रोजचं नाही. बोरी अरबपासून थोड्या अंतरावर आमचं शेत आहे. चारचौघांसारखा कापूस, तूर, सोयाबीन आहेच. पण मुरमाच्या उतारावर, जिथं कापूस रुसून बसतो, तिथं सासऱ्यांनी द्राक्षं लावलीत. जुन्या कापसाच्या गोदामात पोलादी टाक्या बसवून त्यांची वाइन करतात. नवरा तिला वाइन म्हणतो, गाव दारू म्हणतं आणि सासरे रस म्हणतात. गंमत म्हणजे घरात कुणी पीत नाही. तरीही ती चांगली होते, आणि त्याचं कारण माझ्या सासूबाईंचं नाक.

द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात. ती चिरडून सालांसकट टाकीत घातली की आंबायला लागतात. साली वर येतात, त्या लाकडी दांड्याने सकाळ-संध्याकाळ खाली दाबायच्या. साखर किती उरली ते नवऱ्याची काचेची नळी सांगते. पण साली कधी काढायच्या, हे नळीला कळत नाही. लवकर काढल्या तर वाइन पाणचट, उशीर झाला तर कच्ची सुपारी खाल्ल्यासारखी जीभ आखडते. ते ठरवायच्या सासूबाई. सकाळी चूळ भरून गोदामात जायच्या, टाकीवरचं फडकं उचलून वाकायच्या आणि एखादंच नाव सांगायच्या. मोसंबीचं साल. आंबील. ओली सरकी. सासरे ते गोदामाच्या काळ्या दारावर खडूने लिहायचे. ज्या सकाळी त्या ‘कोरं कापड’ म्हणायच्या, त्या दिवशी साली निघायच्या. थेंबभर वाइन जिभेला लावून त्या बाहेरच्या मातीत थुंकायच्या. गिळायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.

तर त्या नाकासाठी आमच्या घरात ते सगळे दिवस फोडणी बंद. उदबत्ती बंद, पावडर बंद, वासाचा साबण बंद. देवाला नुसतं निरांजन. मोगरा तर उंबऱ्याच्या आत यायचा नाही.

पहिल्या वर्षी मी चिडले. दुसऱ्या वर्षी मला त्या दिवसांचं वेड लागलं. घरातले सगळे वास निघून गेले की लांबचे वास हळूहळू आत येऊन बसतात. दुपारी तापलेल्या मुरमाचा वास यायचा, संध्याकाळी कुणाच्या तरी शेतातल्या ओल्या बांधाचा. आणि या सगळ्याखाली गोदामाचा गोड, जडसर श्वास. टाक्यांवर ओली गोणपाटं गुंडाळलेली असत, त्यातून पाणी निथळत राही. टाकीला कान लावला की आत बारीक कुजबुज ऐकू यायची. दुपारी मी तिथेच गार फरशीवर पडून असायची. जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नसे. घरातली सगळी माणसं त्या दिवसांत हळू चालायची आणि हळू बोलायची. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

आता ज्या वर्षाचं सांगायचं आहे, त्या वर्षीच्या हिवाळ्यात सासूबाईंना ताप आला होता. ताप गेला, अशक्तपणा राहिला. द्राक्षं निघाली, टाक्या भरल्या आणि आमचे बिनफोडणीचे दिवस सुरू झाले. दारावर रोज नाव पडत होतं.

अशात फुलसावंगीहून नवऱ्याची मावशी आली, या दिवसांत पहिल्यांदाच. मोकळ्या मनाची बाई. आमचं वरण पाहून तिला आमची कीवच आली. आम्ही अंगणात तूर निवडत होतो, तेवढ्यात ही आत गेली आणि तिने तेलात हिंग-लसणाची सणसणीत फोडणी केली. वास घरभर पसरला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. मी सासूबाईंकडे पाहिलं. एकदा मी केसांना नुसतं वासाचं तेल लावलं तर मला पुन्हा नहायला लावणारी ही बाई, आता काय होतंय म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

सासूबाई तूर निवडत राहिल्या. खडा काढला, बाजूला टाकला.

मावशीने वाटी आणून पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. वरणावरचा तांबूस लसूण पाहिला आणि त्यांचा हात सुपातच थांबला. मग म्हणाल्या, “बरं केलं व बाई.”

“मावशीचा मान ठेवला आईनं,” नवरा नंतर कौतुकाने म्हणाला. मला मात्र तो थांबलेला हात दिसत होता.

संध्याकाळी त्या गोदामामागे एकट्या बसल्या होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, “आई, तुम्हाला वास येत नाही ना?”

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. “तापापासून नाही येत. ना घासलेटाचा, ना फुलाचा. अंदाजानं सांगून राह्यली मी, मागच्या सालासारखं.” मग माझा पदर धरून म्हणाल्या, “कोणाले सांगू नको. या घरात मले रोज सकाळी विचारतेत, काय आलं म्हणून. नाक गेलं म्हटल्यावर कायले विचारतीन?”

मला रडू आलं. इतकी वर्षं जिच्या एका शब्दासाठी घरातली माणसं बेचव जेवत होती, तिला ते विचारणं जाण्याचीच भीती वाटत होती. आणि टाकीतली वाइन रोज पुढे चालली होती. तिला थांब म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. त्यांना चक्कर येते, फडकं मी उचलते, असं घरात सांगितलं. आम्ही दोघी टाकीवर वाकायचो. सासरे दाराशी खडू घेऊन उभे, आमच्याकडे पाठ करून. सासूबाई पुटपुटायच्या, “काय येऊन राह्यलं तुले?”

मला काय कळणार? मी म्हणायची, गोड आहे, आंबट आहे. त्या वैतागायच्या. “गोड-आंबट जिभेले कळते. तुले कोणाच्या घरचा वास येते, ते सांग.”

मग मी डोळे मिटायला शिकले. एका सकाळी मी म्हटलं, आमच्या शेजारी मोलकरीण भांडी घासायची, त्या चिंचेचा. त्यांनी मोठ्याने सांगितलं, “आंबील.” एकदा म्हटलं, पावसात भिजलेल्या पोत्यांचा. “ओली सरकी,” त्या म्हणाल्या. माझं यवतमाळ त्यांच्या शेतात असं उलगडत होतं. दिवसभर मी तंद्रीत असायची. भाकरी थापताना अचानक वडिलांच्या छत्रीचा वास आठवायचा, शाळेच्या पाण्याच्या टाकीचा आठवायचा. कितीतरी वर्षं मी हे सगळं कुठे ठेवलं होतं, कुणास ठाऊक.

पण रोज झोपताना एकच धास्ती असे. कोरं कापड येऊन गेलं आणि मला ओळखता आलं नाही तर? कोरं कापड कसं असतं हे मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “म्या सांगितलं तर तुले तेच येईन. थांब.”

थांबले. ओली सरकी सरली. एक सकाळ नुसतीच रिकामी गेली. सासूबाईंनी दाराकडे पाहून “तेच हाय अजून” असं रेटून सांगितलं आणि बाहेर येऊन माझा हात घट्ट धरला.

पुढच्या सकाळी मी फडकं उचललं, डोळे मिटले आणि मला शाळेचा पहिला दिवस दिसला. न धुतलेला नवा फ्रॉक, मानेला टोचणारा, खळीचा. आईने घाईघाईने माझ्या डोक्यातून तो खाली ओढला होता. क्षणभर आत सगळं अंधारं आणि नवं होतं.

“आई, माझा शाळेचा नवा फ्रॉक,” मी पुटपुटले. “अजून पाण्यात न घातलेला.”

त्यांनी माझं मनगट दाबलं. मग ताठ उभ्या राहून दाराकडे बघत म्हणाल्या, “कोरं कापड. काढा म्हणा साली.”

सासऱ्यांनी लिहिलं. त्या दिवशी साली निघाल्या, आणि वाइन चांगली झाली.

शेवटची टाकी निपटली की आमच्याकडे फोडणी सुरू होते. तिचीही एक रीत आहे. सासूबाई चुलीवर तेल ठेवतात आणि सासरे बाजारातून त्यांच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणतात. त्या वर्षीही त्यांनी तेल ठेवून लसूण टाकला, तोच सासरे आले. “बाहेर ये,” अंगणातून म्हणाले. मी तिथेच होते. त्यांच्या हातात पानाची पुडी होती. सासूबाईंनी ती उघडली. आत अबोलीचा गजरा होता, केशरी, दाट. अबोलीला वास नसतो.

“मोगरा नाही भेटला?” सासूबाईंनी विचारलं.

“भेटला ना. पण हे फूल दिसते तरी तुले.”

त्या बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “कधीपासून मालूम हाय?”

“संक्रांतीले तीळ करपले, तुह्या नाकाखाली. तवापासून.”

“अन् रोज दारावर लिहीत गेले तुमी? म्या काय बी सांगितलं ते?” त्यांचा आवाज फाटला. “टाकी नासली असती तं?”

“रस काय, पुढच्या साली बी होते,” सासरे म्हणाले आणि खिशातून दुसरी पुडी काढून माझ्यापुढे धरली. तिच्यात मोगरा होता.

सासूबाईंनी आधी अबोली माळली. मग मला पाठमोरी बसवून माझ्या केसांत मोगरा खोवला. खोवताना सवयीने त्यांनी एक लांब श्वास घेतला. तो माझ्या मानेला लागला.

“आला?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही,” त्या उघडपणे म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या. “सांग व पोरी, कसा हाय?”

मी डोळे मिटले आणि सांगू लागले. आत लसूण करपायला लागला होता. मला वास आला होता, सासऱ्यांनाही आला असणार. आम्ही दोघंही आत गेलो नाही.