तिरोची फुप्फुसं

सेगामेत्सीला एका जागी बसवत नसे. दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात कुणी गेल्याचं कळलं की डोक्याला फडकं गुंडाळून ती थेट त्या घरी. आधी मनापासून रडायची, मग म्हणायची, "पुरायच्या आधी फुप्फुसं तपासायला द्या. खाणीचा निळा धागा आत सापडला, तर भरपाईच्या कचेरीत तपासणीचा कागद कुणाला खोडता येणार नाही."

लोक तिला गिधाड म्हणत. ती ऐकून घ्यायची. लहानपणी आईशेजारी बसून तिनं हातोडीनं ॲस्बेस्टॉसचा निळा दगड फोडला होता, त्यातले कापसासारखे धागे सोडवले होते. खाण बंद पडली, मालक निघून गेले, ढिगारा तेवढा राहिला. भिंती लिंपायला बायका अजून तिथलीच माती आणत, आणि सेगामेत्सी त्यांच्या डोक्यावरची घमेली ओढून पालथी करायची. आई गेली, दोघी बहिणी गेल्या. दवाखान्याच्या वहीत तिघींच्याही नावापुढे क्षय लिहिलेलं होतं.

चौदा वर्षांत एकतीस घरं तिनं राजी केली. नवऱ्याला मात्र तिनं कधी विचारलं नाही. तिरोनं ठेकेदाराच्या ट्रॅक्टरवरून खाणीची पोती वाहिली होती. त्याची नोंद कुठंच नव्हती. दोन हिवाळे तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. त्याच्या छातीतली घरघर कानावर आली की सेगामेत्सी चप्पल शोधायला लागायची.

"कुठं निघालीस?"

"खालच्या आळीत. लगेच येते."

"बस की जरा. मी मेल्यावर येशीलच की माझ्या घरी, फुप्फुसं मागायला!" तो हसायचा, आणि हसता हसता खोकत सुटायचा.

एका मंगळवारी सकाळी तो गेला. रीतीप्रमाणे घोंगडी पांघरवून तिला जमिनीवरच्या गादीवर बसवलं. नवऱ्याला पुरेपर्यंत विधवेनं तिथून हलायचं नाही. दुपारी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. फुप्फुसांची पेटी तपासणीसाठी जोहान्सबर्गला नेणारी गाडी संध्याकाळच्या आत निघणार होती.

तिरोची थोरली बहीण ओसेंग गादीशेजारीच होती. ती म्हणाली, "माझा भाऊ अख्खाच जाईल. पोकळ छातीनं उभा राहू दे का त्याला वाडवडिलांपुढं?"

हा प्रश्न सेगामेत्सीला प्रत्येक घरात विचारला गेला होता. उत्तर तोंडपाठ होतं. आज मात्र ती घोंगडीच्या दशा पिळत राहिली. नर्स दारात उभी राहून घड्याळ बघत होती.

तेवढ्यात बायकांमधून केलेबोने नावाची तरुण विधवा पुढं आली. वर्षापूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा सेगामेत्सी दोन दिवस तिच्या दारात बसली होती.

"मावशी, माझ्या माणसाचं मागताना तुझी जीभ अडखळली नव्हती."

"आपलं माणूस देणं कसं असतं, ते तेव्हा मला काय ठाऊक होतं, पोरी!"

"मग आता ठाऊक झालं. मी दिलं ते चुकलं का? तेवढं सांग, मी जाते."

सेगामेत्सीनं घोंगडी बाजूला सारली आणि ती गादीवरून उठली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. कागद भिंतीवर धरून तिनं सही केली. अक्षरं वाकडीतिकडी उमटली. ओसेंग उठून बाहेर गेली. शनिवारी माती देतानाही ती बोलली नाही.

पाच महिन्यांनी अहवाल आला. सेगामेत्सीनं तो नणंदेच्या अंगणात उभ्यानंच वाचला : दोन्ही फुप्फुसांत निळे धागे, क्षयाची खूण नाही.

"पुन्हा वाच," ओसेंग म्हणाली.

तिनं वाचलं.

"म्हणजे चार वर्षं त्याला क्षयाच्या गोळ्या उगाच चारल्या?"

"हो, अक्का."

ओसेंगनं आपल्या घराकडं पाहिलं. भिंती तिनं स्वतः लिंपल्या होत्या, ढिगाऱ्यावरच्याच मातीनं. एकदम उठून तिनं कुदळ उचलली.

"ठेव ती खाली!" सेगामेत्सी ओरडली. "कोरडी भिंत फोडलीस तर सगळं उडून छातीत जाईल. आधी तोंड बांध. भिंत भिजवायची, मग ओली माती पोत्यात भरून खोल पुरायची."

दोघी पाणी आणायला निघाल्या. तिरोच्या भरपाईचा दावा अजून कचेरीत पडून आहे. त्यानं पोती वाहिल्याचा ठेकेदाराचा कागद आणा म्हणतात. त्यानंतर सेगामेत्सी तिथं नऊ वेळा जाऊन आली. शेवटच्या तीन खेपांना ओसेंगही बरोबर होती, आणि साहेबाच्या टेबलावर हात आपटून बोलली ती तीच.