पिकअपमधली डावी सीट

"पोरगी लई शिकलेली दिसती. आल्यापास्नं तोंडातून एक शब्द नाय," गाडीवाले काका बायकोला हळूच म्हणाले.

मी त्यांच्या गाडीच्या बंपरखाली वाकून हुकात दोर अडकवत होते. तोंडाला स्कार्फ बांधलेला, डोळे तेवढे उघडे. काकूंनी त्यांना गप्प करायला म्हटलं, "लाजत असंल. तुम्हाला काय करायचंय?"

"लाजायचं काय त्यात? टोचन लावती तर लाव की बिनधास्त."

मी गाठ ओढून पाहिली आणि काहीच न ऐकल्यासारखी उठले.

वेरूळहून दर्शन करून येताना दौलताबादच्या अलीकडे त्यांची गाडी बंद पडली होती. बॅटरी पार गेलेली, हॉर्नसुद्धा वाजत नव्हता. मुकुंदवाडीत त्यांच्या ओळखीचं गॅरेज होतं. तिथपर्यंत आमच्या पिकअपच्या मागं दोर बांधून गाडी ओढत न्यायची, म्हणजे टोचन; तोच आमचा धंदा. पप्पा पिकअप चालवणार, काका आपल्या गाडीचं स्टिअरिंग धरणार, काकू त्यांच्याशेजारी, आणि मी पप्पांच्या डाव्या बाजूला.

त्या डाव्या सीटवर मी का बसते, हे आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

पप्पांनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर उभं आयुष्य काढलं. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी एका भाजीवाल्याकडून ही पिकअप घेतली. घेतली म्हणजे अक्षरशः ओढत आणली. तळाचा पत्रा गंजून भोकं पडलेली, एक दरवाजा दुसऱ्याच गाडीचा, निळा, बाकी गाडी पांढरी. मागच्या फळीवर आधीच्या मालकाच्या मुलांची नावं रंगवलेली होती. ती आम्ही पॉलिश पेपरनं घासली, वर रंग दिला, तरी ऊन तिरपं पडलं की अजून वाचता येतात.

मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन घरी बसले होते. फोनवर इंटरव्ह्यू द्यायचे आणि नापास व्हायचे. इंग्रजी येत होतं, बोलणं येत नव्हतं. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची, म्हणून मी दोन्ही भाषांमध्ये गप्प राहायला शिकले असेन. पप्पांनी एक दिवस हाक मारली, "माय, जरा पाना धर." मग मी रोजच धरू लागले. गल्ली अरुंद, गाडी अर्धी रस्त्यावर. बायका जाता-येता थांबून बघायच्या. पहिल्याच आठवड्यात मी घराच्या दारात, भर सावलीत, स्कार्फ बांधून काम करायला लागले. आमच्या शहरात मुली गाडीवर उन्हासाठी स्कार्फ बांधतात. मी तो बांधून पिकअपखाली झोपायचे. मम्मी म्हणाली, "खाली कुठलं ऊन लागतंय तुला?" मी म्हटलं, धूळ.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा पप्पांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि मला विचारलं, "आवाज कसा येतोय?"

"कसा म्हणजे?"

"टकटक का खरखर?"

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, "नीट ऐक की. मला सर्दीनं दडे बसलेत." सर्दी पुढं कित्येक महिने गेली नाही. मग एकदा रस्त्यानं चालताना मागून येणारा टँकर हॉर्नवर हात ठेवून आला तरी ते बाजूला झाले नाहीत, आणि मी किंचाळून त्यांचा हात ओढला. त्या संध्याकाळी मम्मीनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेत मला सांगितलं, "डावा कान पुरा गेलाय. उजव्यात थोडं हाय. पण बाहेर बोलू नको. कळलं तर कोण देईल ह्यांच्या मागं आपली गाडी?"

आता वाटतं, ऐकू येत नसताना त्यांनी गाडी चालवावी का, हा खरा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मी विचारला नाही. त्याऐवजी मी डाव्या सीटवर बसू लागले.

आमचं ठरलं होतं. पप्पांचा डावा हात गिअरवर असतो. मागून आवाज आला, हॉर्न आला, कुणी हाक मारली, तर मी त्या हातावर बोट टेकवायचं. एकदा टेकवलं तर हळू, दोनदा टेकवलं तर थांबा. गिऱ्हाईक काही बोललं तर मी पप्पांकडं तोंड करून तेच ओठांनी सावकाश पुन्हा म्हणायचं, आवाज न काढता. ते ओठ वाचायचे. त्यासाठी गाडीत बसलं की स्कार्फ खाली घ्यायचा, हेही ठरलेलं होतं. आणि काही कळलं नाही की पप्पा हसायचे. ते हसू छान होतं, लोकांना माणूस गरीब वाटायचा.

त्या दिवशी छावणीपर्यंत सगळं नीट होतं. दोर ताणलेला, काका मागं शहाण्यासारखे ब्रेक धरत होते. क्रांती चौक मागं पडला, आणि जालना रोडवर एका सिग्नलला आम्ही थांबलो. शेजारी दोन स्कूट्या येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एका मुलीला मी लगेच ओळखलं. शाळेत ती माझ्याच बाकावर बसायची. आता छान कपडे, गळ्यात कुठल्यातरी ऑफिसचं कार्ड. तिनं पिकअपकडं पाहिलं, निळ्या दरवाजाकडं पाहिलं, मागच्या दोराकडं पाहिलं. मैत्रिणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. कदाचित माझ्याबद्दल नसेलही.

मी गळ्यातला स्कार्फ वर ओढला. नाक, कपाळ, कान, सगळं गुंडाळून डोक्यामागं घट्ट गाठ मारली आणि सीटवर खाली सरकले. गाठ मारायला दोन्ही हात लागतात.

मागं काय होत होतं, ते नंतर कळलं. थांबताना काकांची गाडी जरा जास्तच पुढं आली होती. दोर सैल पडून बंपरच्या कोपऱ्यात आणि चाकाखाली अडकला होता. काकांनी ते पाहिलं, खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि ओरडू लागले. काकूही ओरडल्या. म्हणे शेजारच्या रिक्षावाल्यानंसुद्धा हाक दिली. मला कापडाच्या आतून फक्त एक गलका ऐकू आला, सिग्नलवर असतो तसाच. सिग्नल सुटला. पप्पांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी गाठीशी खेळत होते. त्यांनी क्लच सोडला.

झटका बसला आणि काहीतरी कडाडून फुटलं. तेवढं मात्र पप्पांनाही जाणवलं, कारण आख्खी पिकअप हादरली.

आम्ही उतरलो. काकांच्या गाडीचा बंपर एका बाजूनं उपटून रस्त्यावर लोंबत होता, एक दिवा फुटला होता. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. काका धावत आले.

"ओ, किती ओरडायचं माणसानं? थांबा थांबा म्हणून घसा सुकला माझा! कान हायेत का काय?"

पप्पा दोराकडं बघत होते. काकांचं तोंड त्यांच्या डाव्या बाजूला होतं. काका पुढं येऊन उभे राहिले तेव्हा पप्पांना ते दिसले, आणि ते हसले.

"हसताय? माझी गाडी फोडून हसताय?" काकांनी आजूबाजूला जमलेल्यांकडं पाहिलं. "बघा हो! पिऊन आलाय का काय हा माणूस?"

"अहो, वय बघा त्यांचं," काकू म्हणाल्या.

"वय बघून काय करू? असल्याच्या हातात गाडी कोण देतं?"

एक जण मोबाईल काढून उभा राहिला. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, कुछ तो बोलो." पप्पा त्याच्याकडंही पाहून हसले. पण आता ते हसू नीट बसत नव्हतं. काहीतरी फार चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे ओठ शोधत होते ते, आणि तिथं कापड होतं.

स्कूट्या रस्त्याच्या कडेला थांबल्या होत्या. ती मुलगी हेल्मेटची काच वर करून बघत होती. सिग्नल सुटूनही गेली नव्हती.

मला सोपा मार्ग दिसत होता. पप्पांना हाताला धरून पिकअपमध्ये बसवायचं, काकांना मान खाली घालून सॉरी म्हणायचं. पप्पांचं गुपित राहिलं असतं आणि ते बेवडे ठरले असते. खरं सांगितलं तर उद्यापासून त्यांना टोचनसाठी कुणी फोन करणार नव्हतं. मम्मीचं ते लोटलेलं दार मला आठवत होतं. पण पप्पा अजून माझ्याकडंच पाहत होते, आणि काकांनी त्यांच्या शर्टाच्या बाहीला हात घातला होता.

स्कार्फची गाठ सुटेना. मी तो तसाच डोक्यावरून ओढून काढला. केस विस्कटले. माझा आवाज फाटका निघाला, शाळेत उभं केल्यावर निघायचा तसा. पप्पांना ओठ दिसावेत म्हणून मी काकांकडं नाही, त्यांच्याकडं तोंड करून बोलले.

"काका, त्यांचा हात सोडा. ते प्यायलेले नाहीत, त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी ऐकायला मी बसले होते, आणि मी कान बांधून घेतले."