कमरेचं रिव्हॉल्व्हर

दुकानात तासभर घालवून मी सगळ्यात ताकदवान रिव्हॉल्व्हर निवडलं होतं. सातपुड्यात भटकायचं तर अस्वलाचा काय भरवसा!

वाटाड्या सोमामामांकडे फक्त घुंगरं बांधलेली काठी होती. जंगलातलं कुणी दचकू नये म्हणून ते ती आपटत चालायचे. एका वळणावर अस्वल उभंच राहिलं. काळंभोर, माझ्याहून उंच, छातीवर पांढरी चंद्रकोर. माझा हात कमरेकडे गेला आणि तिथंच थिजला. मामा काठी हलवून हळूच म्हणाले, "आम्ही आहोत बाबा. तुझं आवर सावकाश, आम्ही थांबतो."

अस्वलानं हवा हुंगली आणि ते डुलत दरीत उतरलं. मागे जंगल केवढं तरी मोठं झालं होतं.

उरलेला चढ मी रिव्हॉल्व्हर सदऱ्याखाली झाकून चढलो, देवघरात चपला घालून शिरलेल्या माणसासारखा.