वहिनीचे रॉकेलचे हात

वहिनी गेली त्याला आता महिना होऊन गेला. निरोप कल्याणला आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. दादाच्या शेजारचे गृहस्थ दारात उभे राहून चपला न काढताच म्हणाले, "ठाण्याहून आलोय... तुमच्या वहिनी पहाटे गेल्या." तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. पुढे भेटायला येणारा जो तो दादाला सांगत होता, "लक्ष्मी होती हो घरातली!" ही लक्ष्मी मागच्या पडवीत बसून अकरा वर्षं काय करत होती ते या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेव्हा तिच्या जवळून जाताना याच मंडळींनी नाकाला पदर लावले होते.

स्वातंत्र्याच्या वर्षी दादाने माजिवड्याला आग्रा रोडवर पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. लष्कराने विकलेल्या जुन्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. शेडमध्ये पाणी नव्हतं, म्हणून उघडलेल्या इंजिनाचे भाग गोणपाटात बांधून दादा सायकलवरून घरी आणायचा आणि वहिनीपुढे ओतायचा. "एवढं धुऊन ठेव." बस्स, एवढंच. मग ती घमेल्यात रॉकेल घ्यायची, साचलेलं ग्रीस बांबूच्या कामटीने खरवडायची, काथ्याने घासायची आणि धुतलेला एकेक भाग जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून पाटावर मांडायची. फारच चिवट घाण असली तर कॉस्टिक सोड्याचं उकळतं पाणी. एकदा तिने त्यात पिस्टन टाकला. तो अॅल्युमिनियमचा, बाहेर काढला तेव्हा देवीचे व्रण असावेत तसे त्याला खड्डे पडले होते. सोडा हा धातू खातो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! दादाने सारी आळी ऐकेल एवढा आवाज चढवला. तिने विचारलं, "मग आधी सांगायचं नाही का?" त्यानंतर तिच्या हातून एकही भाग बिघडला नाही. बिघडले ते हातच. सोड्याने बोटांची सालं गेली आणि चिरांमध्ये काळं जाऊन बसलं ते कायमचं. नाव मात्र दादाचं झालं. त्याच्याकडचं इंजिन कसं लख्ख असतं, असं लोक म्हणायचे, आणि दादा ते ऐकून घ्यायचा.

पण दादावर राग काढणं सोपं आहे. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि वहिनी नुकतीच लग्न होऊन आलेली, जेमतेम अठराची. मला कायम वन्सं म्हणायची, पण माझी वेणी घालण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने जाहीर करून टाकलं, "वन्संना पहिली हळद मी लावणार." आठ दिवस तिने इंजिनाच्या भागांना हात लावला नाही. राख, लिंबू, चिंच, बेसन... चोळून चोळून बोटांतून रक्त काढलं. हळदीच्या वेळी सासरच्या बायका भोवती बसल्या होत्या. वहिनीने वाटीत बोटं बुडवून माझ्या गालाजवळ आणली. वास येत होता. खोटं कशाला सांगू, अगदी थोडा. पण सासरच्या एका बाईने भुवई वर केली आणि मी तोंड फिरवलं. "वहिनी, तू राहू दे गं. रॉकेलचा वास येतोय."

तिने वाटी शेजारच्या काकूंकडे दिली, हात पदराखाली घेतले आणि हसली. "बरोबर आहे, वन्सं. आजच्या दिवशी कशाला?"

पुढे आठ वर्षं मी माहेरी जात राहिले. आज माफी मागू, उद्या मागू... तिने तो विषय कधी काढला नाही आणि ती विसरली अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. माणसाला आपल्या सोयीचं तेवढं बरोबर समजतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पडवीत एकटी बसले होते. घमेल्यात चार व्हॉल्व्ह अजून रॉकेलात पडून होते. वहिनीची सात वर्षांची मुलगी माझ्यासाठी चहा घेऊन आली. कपबशी तिने माझ्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवली आणि दोन बोटांनी पुढे सरकवली.

"अगं, हातात दे ना."

"नको. आई म्हणायची, आत्याला हातात काही द्यायचं नाही. तिला आपल्या हातांचा वास येतो."

आठ वर्षं मी त्या घरात चहा प्याले, जेवले. निघताना माझी ओटी भरायला वहिनी दर वेळी शेजारच्या काकूंना बोलावून आणायची. तिने एकदाही मला काही हातात दिलं नव्हतं, आणि हे त्या पोरीने सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"इकडे ये," मी म्हटलं आणि तिचे हात धरायला पुढे झाले. तिने ते आधी फ्रॉकला पुसले.