‘तुम्ही’ म्हणणारे व्याही

ब्र्नो शहराजवळच्या एका खेड्यात राहणारे आमचे व्याही आमच्या मुलीला लग्नानंतर चार वर्षांनीही ‘तुम्ही’ म्हणत होते. ही गोष्ट आम्हाला गेल्या वर्षी गणपतीत कळली. त्याच आठवड्यात मी चेक भाषा शिकायला सुरुवात केली.

माहिती मुलीनेच फोनवर दिली होती. नाशिकमध्ये या माहितीचं पहिलं स्वागत समाधानाने झालं.

“मान देतात की मग,” बायको म्हणाली. “माझ्या सासऱ्यांनी मला उभ्या जन्मात ‘तुम्ही’ म्हटलं नाही.”

“आई, इथे उलटं असतं. ‘तुम्ही’ म्हणजे बाहेरची. पोस्टमनला तू, शेजाऱ्यांना तू, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला तू, आणि मला तुम्ही. दर रविवारी जेवायला जाते मी तिथे. बँकेत आलेल्या बाईशी बोलावं तसं बोलतात माझ्याशी.”

“मग सांग त्यांना.”

“आपण सांगायचं नसतं गं. मोठ्या माणसाने आधी म्हणायचं असतं. नाही म्हटलं, तर नाही.”

हे सांगताना तिचा आवाज बदलला.

व्याही रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. पत्नी वारलेली, घरात एकटे. विमानात बसत नाहीत, म्हणून नाशिकच्या लग्नाला आले नव्हते. त्यांना इंग्रजी येत नाही. आमच्या बोलण्यात दुभाष्याचं काम जावई करायचे. व्याही दोन-तीन मिनिटं सलग बोलत आणि जावई इंग्रजीत सांगत, बाबा म्हणतात सगळं ठीक आहे. मी तीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. असा दुभाष्या तिथे दुसऱ्या दिवशी बदलला असता. जावई बदलता येत नव्हते.

शिक्षक सातपूरला मिळाले. एका कारखान्यात टूलरूम सांभाळणारे इंजिनिअर, चाळिशीच्या अलीकडचे. कंपनीने त्यांना काही वर्षं चेक प्रजासत्ताकात ठेवलं होतं. शनिवारी त्यांना सुट्टी. सकाळी ते मला कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर शिकवायचे. ते मला काका म्हणत, मी त्यांना सर.

पहिल्या धड्यात एक अक्षर होतं, ज्यात र आणि झ एकाच वेळी उच्चारायचे असतात. मी प्रयत्न केला. टपरीवाल्याने वळून पाहिलं.

“काका, हे आत्ता येणार नाही,” सर म्हणाले. “पुढे चला.”

पुढे सर्वनामं होती. ‘तू’ला ते ‘ति’ म्हणतात, ‘तुम्ही’ला ‘वि’. पुढचं सगळं शिक्षण या दोन शब्दांसाठी आहे, हे मी सरांना सांगितलं नाही. मग लिंगं आली. त्यांच्याकडेही तीन आहेत: तेन, ता, तो. फरक इतकाच, की त्यांचा ‘तो’ म्हणजे आपलं ‘ते’. टेबल पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी, शहर नपुंसकलिंगी. का, असं मी विचारलं.

“खुर्ची ती का, हे तुम्ही सांगा. मग मी सांगतो,” सर म्हणाले.

दिवाळीनंतर विभक्ती सुरू झाल्या. त्या सात आहेत. मराठी शाळेत आठ पाठ केलेल्या असल्यामुळे हा भाग सोपा जाईल असं मी गृहीत धरलं होतं. पण त्यांचा क्रम वेगळा आहे. आपली षष्ठी त्यांच्याकडे दुसरी, आपली चतुर्थी तिसरी, आपली द्वितीया चौथी. संबोधन आपल्याकडे शेवटी उभं असतं, त्यांच्याकडे पाचवं. एक नियम मात्र फुकट मिळाला. ‘मी टेबल बघतो’, पण ‘मी कुत्र्याला बघतो’: पुल्लिंगी नामाच्या बाबतीत सजीव आणि निर्जीव यांच्यातला हा भेद चेकमध्येही आहे. सर म्हणाले, हे त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या इंग्रज इंजिनिअरला शेवटपर्यंत जमलं नाही.

‘व्याही’ला चेकमध्ये काय म्हणतात, हेही विचारलं. सरांनी थोडा विचार करून सांगितलं, की रोजच्या बोलण्यात असा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. ‘मुलीच्या नवऱ्याचे वडील’ असं म्हणावं, आणि त्यातही दोन षष्ठ्या लागतील.

त्या सुमारास मी दर रविवारी व्याह्यांना थेट फोन करायला लागलो. मी म्हणायचो, आज ऊन आहे. ते म्हणायचे, आमच्याकडे थंडी आहे. मग ते भरभर काहीतरी सांगायचे. त्यातलं मला ‘बटाटे’ समजायचं. एकमेकांना आम्ही अर्थातच ‘वि’ म्हणत होतो. एक वाक्य मी बाजूला तयार करून ठेवलं होतं: ‘कृपा करून माझ्या मुलीला तू म्हणा.’ ‘मुलीला’साठी तिसरी विभक्ती, आणि त्या नामाचं रूप अनियमित. एका शनिवारी ते सरांना म्हणून दाखवलं.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “एकही चूक नाही. बोलू नका.”

“का?”

“काका, हे मागायचं नसतं. तुम्ही मागितलंत तर ते हो म्हणतील. आणि मग तिच्याशी बोलणंच कमी करतील. मी पाहिलंय तसं.”

वाक्य राहिलं. फोन चालू राहिले.

फोन संपवण्याची मात्र अडचण होती. चेकमधला निरोपाचा शब्द मला पाठ होता. पण नुसता निरोप घेऊन फोन ठेवणं तुटक वाटत होतं. आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेव्हा मी क्रियापद शोधलं. त्यांच्याकडे चालत येणं आणि वाहनाने येणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत. नाशिकहून चालत येण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून वाहनाचं निवडलं. प्रथमपुरुषी एकवचन: ‘प्रशियेदू’. ते मी दर रविवारी निरोपाआधी म्हणायला लागलो. पहिल्या वेळी व्याही थांबले आणि त्यांनी काहीतरी विचारलं. मला ते समजलं नाही, म्हणून मी पुन्हा, जरा ठामपणे, ‘प्रशियेदू’ म्हणालो. पुढच्या रविवारपासून ते ‘छान, छान’ म्हणायला लागले.

संक्रांतीनंतर मुलीचा फोन आला.

“बाबा, तुम्ही इथे येताय?”

“नाही.”

“मग ते वरची खोली का रंगवतायत?”

तिने सांगितलेला तपशील असा. व्याह्यांनी तिला फोन केला होता. मुलाला नाही, तिला. चार वर्षांत पहिल्यांदा. तिचे वडील मांस खातात का, गादी कडक लागते की मऊ, हे त्यांना हवं होतं. नंतर पडद्याचं कापड घ्यायला तिला घेऊन ते तालुक्याच्या गावी गेले. जावई तेव्हा ऑफिसात होते. गाडीत व्याह्यांनी तिला आपल्या वारलेल्या बायकोबद्दल सांगितलं.

“अजून तुम्हीच म्हणतात,” मुलगी म्हणाली. “पण बोलतात.”

शनिवारी हे सगळं ऐकून सरांनी चहा खाली ठेवला.

“कोणतं क्रियापद म्हणालात?”

मी पुन्हा म्हणालो.

“काका, ते पूर्ण क्रियापद आहे. धडा पुढच्या महिन्यात होता. त्याला वर्तमानकाळच नसतो. रूप वर्तमानाचं दिसतं, अर्थ भविष्याचा. तुम्ही त्यांना दर रविवारी सांगितलंय, मी येणार. नक्की येणार.”

“मी निरोप घेत होतो. आपण येतो म्हणतो तसं.”

“तसलं येतो त्यांच्यात नाही.”

“मग काय, जातो म्हणायचं?”

“काही नाही म्हणायचं. बाय म्हणून फोन ठेवायचा.”

वर्तमानपत्रात चूक झाली, की खुलासा छापतात. लहान टायपात, आतल्या पानावर. मी खुलाशाचा मजकूर तयार केला. त्यासाठी संकेतार्थ शिकावा लागला, जो मध्यम पातळीच्या पुस्तकात होता. पाठवण्याआधी मुलीला वाचून दाखवला.

“नका पाठवू ना,” ती म्हणाली.

“चुकीची माहिती गेली आहे.”

“जाऊ द्या. रोज फोन करतात ते मला. आज विचारलं, भारतीय माणसाला पाण्यात बर्फ लागतो का.”

बायको शेजारीच बसली होती. “अहो, पासपोर्ट कुठे आहेत?” तिने विचारलं.

“मुदत संपली असेल.”

“नवे काढा. माणूस घर रंगवून बसलाय आणि तुम्ही त्याला व्याकरण कळवताय.”

नवे पासपोर्ट फाल्गुनात आले. व्याह्यांनी निमंत्रणाचे कागद तिकडच्या पोलिसांकडून प्रमाणित करून पाठवले. त्यासाठी त्यांना शहरात जावं लागलं, आणि मुलगी सोबत गेली. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अजून मिळालेली नाही.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी चारला आम्ही फोन केला. तिकडे जेवण सुरू होतं. मुलीने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. पडद्यावर टेबलाची एक बाजू, व्याह्यांचे हात आणि तिचा खांदा दिसत होता. जावई पलीकडे कुठेतरी सूप संपवत होते.

व्याही म्हणाले, “पोदेय सूल.” मीठ दे. ‘द्या’ म्हणायचं असतं, तर क्रियापद ‘पोदेय्ते’ झालं असतं. शेवटचं अक्षर मला ऐकू आलं नव्हतं. पण लाइन खराब होती आणि अक्षर मध्ये तुटलं असण्याची शक्यता होती. एका सूत्रावर बातमी देत नाहीत.

मुलीने मीठ दिलं.

थोड्या वेळाने व्याह्यांनी उकडलेल्या पिठाच्या कापांचं ताट तिच्याकडे सरकवलं आणि विचारलं, “दाश सि येश्त्ये?” अजून घेशील? ‘घ्याल’साठी ‘दाते’ लागतं. या वेळी आवाज स्वच्छ होता.

“ने,” मुलगी म्हणाली. नको. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं. “आ ति?”

“काय म्हणाली?” बायकोने विचारलं.

“तिला नको आहे. तू घेणार का, असं विचारलं.”

“कोणाला?”

“सासऱ्यांना.”

बायको फोनच्या जवळ सरकली. “सासऱ्यांना तू म्हणाली?”

“हो.”

व्याह्यांनी आणखी दोन काप घेतले.