ईथरचा पूर्वपक्ष

ठाण्याच्या वाचनालयात माझे ईथरवर व्याख्यान ठरले, तेव्हा बैठक, दिवे, पाणी आणि अध्यक्ष ही सगळी व्यवस्था मी आदल्या दिवशीच उरकली होती. अध्यक्ष म्हणजे माझे सासरे. कल्याणला त्यांची पाठशाळा होती. प्रकाशाच्या लाटा ज्यातून पसरतात ते सर्वव्यापी ईथर म्हणजेच शास्त्रांतले आकाश, असे शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा जावई सभेत सांगणार, म्हणून ते विद्यार्थ्यांना घेऊन दुपारच्या गाडीने आले.

त्याच दुपारी टपालाने एक इंग्रजी मासिक आले. त्यात एका प्रयोगाची हकिगत होती. पृथ्वी ईथरमधून धावत असेल तर समोरून ईथरचा वारा लागायला हवा. तो मोजण्यासाठी अमेरिकेत दोघांनी प्रकाशाचे किरण उभे-आडवे पाठवून पाहिले. वारा लागलाच नाही. मी प्रयोगात चूक शोधली, सापडली नाही.

"ईथर आहेच, असे मला आज म्हणता येणार नाही," मी सासऱ्यांना सांगितले.

"पोरांना मी कशासाठी आणलंय, ठाऊक आहे ना जावईबापू? ते मासिक उद्या वाचा."

पोह्यांच्या बश्या ठेवताना माझी पत्नी म्हणाली, "अप्पा, वाचून झालंय त्यांचं. आता न वाचल्यासारखं कसं करायचं?"

सासऱ्यांनी बशी तशीच ठेवली आणि विद्यार्थ्यांना घेऊन ते सभेला निघाले.

सभेत मी खाडीचे उदाहरण घेतले. दोन सारख्या होड्या. एक प्रवाहाबरोबर जाऊन प्रवाहाविरुद्ध परतते. दुसरी तेवढेच अंतर आडवी जाऊन येते. दोघींना सारखा वेळ लागणार नाही. प्रकाशाच्या होड्या मात्र बरोबरच परतल्या.

"खाडीला पाणीच नसेल मास्तर," मागून एक मिठागरवाले म्हणाले. सभा हसली.

"तेच म्हणतोय मी. एक तर पाणी नाही, नाहीतर गतीचे आपले नियम कुठेतरी तोकडे पडतात. कोणते खरे, ते मला माहीत नाही."

पाठशाळेचे विद्यार्थी सासऱ्यांकडे पाहू लागले. ते सावकाश उठले.

"वादात आधी विरुद्ध बाजू पुरी मांडायची, तो पूर्वपक्ष. जावईबापूंनी आज आपल्याच पदार्थविज्ञानाविरुद्ध तो मांडला. उत्तर अजून कोणाजवळ दिसत नाही. आमच्या शास्त्रांतल्या आकाशाचं काय ते मी माझं पाहतो."

स्टेशनावर त्यांना डब्यात बसवून दिल्यावर मी म्हणालो, "पुढचा अंक आला की पाठवतो."

"पाठवू नका, घेऊन या. मला इंग्रजी येत नाही, आणि अर्धवट ऐकून मी वाद घालत नाही."